इंजिन गार होईपर्यंत

गल्लीत त्याला मिस्त्री म्हणणारे कमी आणि भिंगरी म्हणणारे जास्त होते. चोपन्न वर्षांचा झाला तरी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचा, चहा उभ्यानेच प्यायचा आणि केस कापायला बसला की पाचव्या मिनिटाला न्हाव्याला म्हणायचा, "आटप बाबा, काम पडलंय." काम काही पडलेलं नसायचं. न्हावीही मग पाठीमागचं तसंच सोडून द्यायचा, आणि मिस्त्री पुढून साहेब आणि मागून चोर दिसायचा. त्याची बायको शाळेचे गणवेश शिवायची. ती सांगायची, "लग्न ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, आमचा हा पाळण्यातसुद्धा एका कुशीवर झोपला नाही. मला वाटलं, कौतुक करतायत."

तरुणपणी त्याने बारा वर्षांत अकरा गॅरेजं बदलली. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. सकाळी उठायचं आणि तिथे जायला नको वाटायचं, एवढंच. एका ठिकाणाहून तर तो दुपारी जेवायला म्हणून निघाला आणि चार दिवसांनी फक्त हत्यारं न्यायला उगवला. बाराव्या गॅरेजचा उस्ताद मोजकं बोलणारा म्हातारा होता. आठवडाभर त्याने या नव्या माणसाची येरझार बघितली आणि मग त्याच्या हातात दोन पोलादी पट्ट्या दिल्या, एक बारीक, एक जाड. म्हणाला, "आजपासून टॅपेट तू करायचे."

टॅपेट करणं म्हणजे काय, तर इंजिनात हवा आत घेणारे आणि जळका धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह असतात. त्यांच्या डोक्यावर रॉकर नावाचे छोटे दांडे ठोके देत असतात. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात केसभर फट ठेवावी लागते, कारण लोखंड तापलं की वाढतं. ती फट पट्टी सरकवून मोजायची आणि स्क्रू फिरवून नेमकी करायची, मग लॉकनटने पक्की. हवेच्या व्हॉल्व्हला बारीक पट्टी, धुराच्या व्हॉल्व्हला जाड, कारण धुराचा जास्त तापतो. फट जास्त राहिली तर इंजिन टकटक वाजतं आणि मालक तक्रार घेऊन येतो. कमी राहिली तर इंजिन छान गप्प होतं, मालक खूश होतो, आणि व्हॉल्व्ह नीट मिटत नाही म्हणून आतल्या आत जळत राहतो. उस्ताद म्हणायचा, "वाजणाऱ्याला भिऊ नये. गप्प बसणाऱ्याला भ्यावं."

हे काम गाडी रात्रभर उभी राहून थंडगार झाल्यावरच करायचं असतं. इंजिन चालू करायचं नाही, इंजिनाच्या पुढचं चाक, म्हणजे पुली, पान्याने हातानेच हळूहळू फिरवायची. पट्टी ओढताना बोटांना किंचित लागली पाहिजे. सैलही नको, अडकायलाही नको. पहिल्या दिवशी मिस्त्रीने ते केलं आणि काम झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की तासभर तो एका जागी उभा होता. त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्या गॅरेजात तो सहा वर्षं टिकला. उस्तादाने धंदा बंद केला तेव्हा त्याने घराला लागूनच पत्र्याची शेड टाकली. बाकी कामं तो उड्या मारत करायचा, पण टॅपेटला बसला की बायको मशीनवरून डोकावून बघायची आणि हळूच दार लोटून घ्यायची. घरात तेवढीच शांतता.

त्या दिवशी सकाळी शेडमध्ये जी पिकअप उभी होती ती व्याह्यांची होती.

व्याही म्हणजे मिस्त्रीच्या एकुलत्या एका मुलीचे, चिंगीचे सासरे. एकसष्ट वर्षांचे. स्वतःची पिकअप स्वतःच चालवायचे, फरश्या पोचवायचे. माणूस असा की घड्याळाने त्यांच्याकडे बघून वेळ लावावी. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही. घाटाचा मोठा चढ लागण्याआधी एका ठरलेल्या खानावळीपाशी थांबायचं, जेवायचं, इंजिनाला तासभर विसावा द्यायचा आणि मगच चढायचं. बोलणं तोलूनमापून. सोयरीक होऊन दीड वर्ष झालं तरी ते त्याला 'मिस्त्री'च म्हणायचे. कौतुक करणं हा प्रकार त्यांच्या कोशातच नव्हता. मिस्त्री त्यांना जरा दबकूनच असायचा. मुलगी दिलेल्या घरचा माणूस, आणि त्यात असा काटेकोर.

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. बाप-लेक दोघंच त्या घरात एकमेकांशी चार वाक्यं बोलून दिवस काढायचे. चिंगी त्या घरात गेली आणि घराला आवाज आला, असं सगळेच म्हणायचे. व्याही म्हणायचे नाहीत, पण हल्ली ते माल पोचवून थेट घरी जायचे.

गाडी आदल्या संध्याकाळीच लावून ठेवली होती. सकाळी नऊला मिस्त्रीने वरचं झाकण काढलं. व्याही बाजूला स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखे बसले. आठ व्हॉल्व्हपैकी चार एका फेरीत होतात. मग पुली एक पूर्ण फेरा फिरवायची आणि उरलेले चार करायचे. पहिले चार झाले. चौथा धुराचा होता, म्हणून जाड पट्टी हातात होती. तेवढ्यात मागच्या खिडकीत ठेवलेला फोन वाजला. चिंगी.

"बाबा, ते आहेत का तिथे?"

"समोरच बसलेत. देऊ?"

"नको नको! तुम्ही जरा बाजूला जा."

मिस्त्री खिडकीत अंग घालून उभा राहिला.

चिंगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिला मोठ्या रुग्णालयात जागा मिळाली होती, सात तासांवरच्या शहरात. जावयालाही तिकडे काम मिळत होतं. परवा ठरलं होतं. दोन महिन्यांत जायचं. एकच अडलं होतं. "मामंजींना सांगायचं कसं कळत नाही बाबा. हा तर तोंडच उघडत नाही. तुम्ही नुसतं सूतोवाच करा. तुमचं ऐकतात ते."

"माझं? माझं तर आमचं शिवणयंत्रही ऐकत नाही."

"बाबा, प्लीज."

फोन ठेवून मिस्त्री परत आला. व्याही तसेच बसले होते. "चिंगी का?" त्यांनी विचारलं. "हं, सहजच केला होता," मिस्त्री म्हणाला आणि इंजिनावर वाकला. डोक्यात मात्र वारूळ फुटल्यासारखं झालं होतं. आता सांगू? पट्टी सरकवली. गाडी चालू झाल्यावर सांगू? स्क्रू फिरवला. निघताना सांगू, म्हणजे उत्तर ऐकायला नको. लॉकनट आवळला. हात आपलं काम करत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला टॅपेट करताना कधी एकदा संपतंय असं झालं होतं. झाकण बसवलं, गाडी चालू केली.

व्याही उठून जवळ आले. कान दिला. मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. ते म्हणाले, "इतकी गप्प ही नवी असतानासुद्धा नव्हती. हात आहे हं तुमचा, मिस्त्री."

आता या माणसाला या घडीला कुणी कसं सांगावं की तुमची सून आणि मुलगा घर सोडून चाललेत? मिस्त्री मूग गिळून बसला. व्याह्यांनी काचा पुसल्या, आरसा नीट केला आणि अकराच्या ठोक्याला माल भरायला निघून गेले.

साडेअकराला मिस्त्री चिंगीला कळवायला फोन घ्यायला गेला, की बाई, मला काही जमलं नाही. फोन खिडकीत होता. फोनच्या शेजारी जाड पट्टी होती.

तो बघतच राहिला. फोन आला तेव्हा ती हातात होती. बोलताना इथे ठेवली. मग पुढचे चार व्हॉल्व्ह त्याने कशाने केले? इंजिनापाशी राहिली होती ती फक्त बारीक पट्टी. चारही तिनेच. त्यातले दोन धुराचे.

गाडी गप्प का झाली ते आता कळलं. त्यावर आपण शाबासकी घेतली हेही कळलं.

व्याह्यांचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. परत लावला. पाच वेळा. शेडमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या तशी बायको मशीन थांबवून बाहेर आली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लगेच काही मोडणार आहे का?"

"लगेच नाही. पण गाडीत फरशी भरलीय. एवढ्या लोडने तो चढ चढायचा म्हणजे इंजिन लाल होतं. एका दिवसात जळणार नाही कदाचित. कदाचित व्हॉल्व्हचा काठ करपेल. मला काय माहीत!"

"मग शुक्रवारी ते इकडे येतायतच, तेव्हा नीट करून द्या. कळणारसुद्धा नाही त्यांना."

"मला कळलंय ना!"

बायकोने त्याच्याकडे जरा बघितलं. तीस वर्षांचा संसार होता. हा माणूस शुक्रवारपर्यंत असा घिरट्या घालत राहिला तर आपलं एक शिवण सरळ येणार नाही, हे तिला दिसत होतं. "मग जा," ती म्हणाली. "आणि चिंगीचं?"

मिस्त्रीने दोन्ही पट्ट्या खिशात घातल्या, हत्यारांची गुंडाळी पाठीला बांधली आणि स्कूटरला लाथ मारली.

मिस्त्रीची स्वतःची स्कूटर म्हणजे दिव्याखाली अंधार. दिवा तारेने बांधलेला, हॉर्न सोडून सगळं वाजणारं. खानावळ चाळीस किलोमीटरवर होती. मध्येच रेल्वेचं फाटक लागलं. त्याने फाटकवाल्याला विचारलं, "किती वेळ?" फाटकवाला म्हणाला, "मालगाडी आहे, तिची मर्जी." मिस्त्री स्कूटरवरून उतरला, परत बसला, परत उतरला, रुळांच्या दिशेने मान लांब करून बघितलं. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "घरी काही झालंय का?" "नाही हो, पट्टी राहिली," मिस्त्री म्हणाला. ट्रॅक्टरवाल्याने पुढे काही विचारलं नाही.

एक वाजून गेल्यावर खानावळ दिसली आणि बाहेर पिकअपही. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. सांगायचं तर अजून बाकीच होतं.

व्याही कोपऱ्यातल्या टेबलावर नुकते जेवायला बसले होते. समोर फोन होता आणि त्यावरचे पाच फोन त्यांनी आत्ताच बघितले असावेत, कारण मिस्त्रीला दारात बघताच ते ताटावरून उठले. खुर्ची मागे पडली.

"चिंगी बरी आहे ना?"

"बरी आहे, बरी आहे. गाडीचं आहे."

व्याह्यांनी खुर्ची उचलली, बसले. "गाडीचं काय? गाडी आज लोण्यासारखी चाललीय."

"तेच. तशी चालायला नको."

मग त्याने सगळं सांगितलं. दोन पट्ट्या टेबलावर ठेवून दाखवल्या. "माझ्या हातून चूक झाली," हे वाक्य त्याने आजवर बरंच कमी वापरलेलं होतं, त्यामुळे ते जरा घाईघाईने बाहेर आलं. व्याह्यांनी दोन्ही पट्ट्या उचलल्या, उजेडात धरल्या, बोटाने चाचपल्या.

"तुमच्या हातून? टॅपेटमध्ये?"

"हो."

"बरं." त्यांनी पट्ट्या खाली ठेवल्या आणि उरलेलं जेवण जेवले. सगळं. मिस्त्रीला तो वेळ फाटकापेक्षा लांब वाटला. हात धुऊन आल्यावर त्यांनी विचारलं, "किती वेळ लागेल?"

"काम अर्ध्या तासाचं. पण गरम इंजिनाला माप लागत नाही. पूर्ण गार व्हायला हवं."

"म्हणजे?"

"चार तास तरी."

व्याह्यांनी घड्याळ बघितलं. मग जिथे माल जायचा होता तिथे फोन लावला. "फरशी रात्री आठपर्यंत येईल. हो, उशीर होतोय. मला थांबावं लागलंय." पलीकडून काहीतरी चढ्या आवाजात आलं. व्याही ऐकत राहिले. "गाडीचं नाही, कुणाचं नाही. थांबावं लागलंय," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांनी आपलं नाव घेतलं नाही, हे मिस्त्रीच्या लक्षात आलं. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं, असंही वाटून गेलं.

बॉनेट उघडून ठेवलं आणि झाडाखाली बाकड्यावर दोघं बसले. म्हणजे व्याही बसले. मिस्त्री दर दहा मिनिटांनी इंजिनाला तळहात लावून येत होता. मधल्या वेळात त्याने फरशीचे खोके मोजले, दोरांच्या गाठी बघितल्या, खानावळीच्या मोरीचं करकरणारं दार बिजागरीत तेल सोडून गप्प केलं. पाणी द्यायला आलेल्या मालकिणीच्या पंख्याबद्दलही चौकशी केली.

"बसा हो, मिस्त्री," शेवटी व्याही म्हणाले. "तुम्ही फुंकर घालून ते गार होणार आहे का?"

मिस्त्री बसला. बाकड्याच्या कडेला, पळायच्या तयारीत असल्यासारखा.

व्याह्यांना बहुधा जेवणानंतरची सुस्ती आली असावी, किंवा माणूस अवघडलेला बघून त्यांना बोलावंसं वाटलं असेल. ते आपणहून बोलायला लागले, आणि तेही घरचं. "मागची खोली आहे ना आमची, ती पडूनच असते. हिचं सामान होतं त्यात. मागच्या आठवड्यात मी सगळं काढलं. खिडकी मोठी करून घेतोय. चिंगीला सकाळी वाचत बसायला उजेड लागतो. रंग कुठला लावायचा ते तिलाच विचारणार आहे. तुम्ही आत्ताच काही बोलू नका. मी सांगेन."

मिस्त्रीने इंजिनाकडे बघितलं. तिथे काही मदत मिळण्यासारखी नव्हती.

"ती खोली रंगवू नका," तो म्हणाला.

"का?"

आणि मग जे सूतोवाच करायचं होतं, हळूच, आडून आडून, ते सगळंच एका दमात बाहेर पडलं. रुग्णालय, सात तास, दोन महिने, जावयाचं काम. सांगताना तो कधी उभा राहिला ते त्यालाही कळलं नाही.

व्याही ऐकत होते. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग म्हणाले, "कधी ठरलं?"

"परवा."

"तुम्हाला कधी कळलं?"

"आज सकाळी. तो फोन आला होता ना, तेव्हा."

व्याह्यांनी उघड्या बॉनेटकडे बघितलं. "म्हणजे त्या फोनमुळे पट्टी राहिली."

"हो."

"आणि पट्टीसाठी तुम्ही चाळीस किलोमीटर धावत आलात. हे सांगायला आला नव्हतात."

मिस्त्रीला तोंडात मारल्यासारखं झालं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पट्टी खिडकीत सापडली नसती तर तो या वेळी शेडमध्ये उभ्याने चहा पीत असता.

व्याही उठले आणि रस्त्याच्या कडेने चालू लागले. जेमतेम शंभर पावलांवर एक छोटा पूल होता. त्याच्या कठड्यावर, इकडे पाठ करून, ते बसले.

ती दुपार मिस्त्रीला जन्मात विसरता आली नाही. इंजिन तापलेलं होतं म्हणून काम करता येत नव्हतं, माणूस तापलेला होता म्हणून बोलता येत नव्हतं. पुलाच्या दिशेने तो निम्म्या वाटेपर्यंत जायचा आणि परत यायचा. एकदा चहाचा पेला घेऊन गेला, तर पोचेपर्यंत धीर सुटला. चहा स्वतःच पिऊन परत आला. चिंगीचा फोन आला, तो त्याने उचलला नाही. काय सांगणार? बायकोचा आला, तो उचलला.

"सांगितलंत?"

"दोन्ही."

"मग?"

"पुलावर बसलेत."

"अगं बाई! कठड्यावर?" बायको घाबरली.

"तसं नाही गं. खाली ओढासुद्धा नाही, नुसतं गवत आहे."

"तुम्ही कुठे आहात?"

"मी फिरतोय."

"तुम्हीही बसा त्यांच्याजवळ जाऊन. बोलू नका काही. तुम्हाला बोलता येत नाही, ते कळलंय आता सगळ्यांना. नुसते बसा."

तो गेला. व्याह्यांपासून हातभर अंतर ठेवून कठड्यावर बसला. पाय हलत होते ते त्याने दोन्ही हातांनी गुडघे दाबून थांबवले. समोरून बसगाड्या, ट्रक, एक विटांचा ट्रॅक्टर गेला. व्याह्यांनी मान वळवली नाही, पण उठूनही गेले नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे. टॅपेट सोडून एवढा वेळ एका जागी तो आयुष्यात कधी बसला नव्हता, आणि टॅपेटला बसताना जे सुख असतं त्यातलं काही इथे नव्हतं. इथे मिनिटं मुंगीसारखी अंगावरून चालत होती.

"गार झालं असेल का?" शेवटी व्याहीच म्हणाले.

इंजिन गार झालं होतं. पाच वाजून गेले होते. मिस्त्रीने झाकण काढलं. व्याही बाजूला उभे राहिले, चष्मा चढवला आणि म्हणाले, "पुली मी फिरवतो. तुम्ही सांगा कुठे थांबायचं." पान्यावर त्यांचा हात धिमा आणि पक्का होता. पुलीवरची खूण जुळली की मिस्त्री "बास" म्हणायचा आणि ते तिथेच थांबायचे, केसभर पुढे नाही की मागे नाही.

प्रत्येक व्हॉल्व्हला मिस्त्रीने पट्टी पुढे केली की व्याही विचारायचे, "ही कुठली?"

"जाड."

"दाखवा." आणि पट्टीवर कोरलेला आकडा चष्म्यातून वाचायचे. "हं. जाडच आहे."

आठही व्हॉल्व्हना, पट्टी जाड असो की बारीक, हेच चाललं. सहाव्याला मिस्त्रीला हसू आलं आणि त्याने ते दाबलं. सातव्याला व्याह्यांच्या ओठाची एक कड हलल्यासारखी वाटली, पण त्यावर पैज लावली नसती कुणी. धुराचे ते दोन व्हॉल्व्ह खरोखरच घट्ट निघाले. जाड पट्टी आत शिरायलाच तयार नव्हती. मिस्त्रीने स्क्रू सैल केला, पट्टी सरकवली, आवळला, ओढून बघितली. मग न विचारता ती व्याह्यांच्या हातात दिली. त्यांनी स्वतः ओढून बघितली.

"एवढीशी लागते," ते म्हणाले.

"एवढीच लागायला हवी."

गाडी चालू केली. टिक टिक टिक, बारीक आवाज येऊ लागला. सकाळची मऊ शांतता गेली होती. व्याह्यांनी कान दिला आणि मान हलवली. चालकाच्या जागी बसले, पट्टा लावला, काच खाली केली.

"चिंगीला म्हणावं," ते समोर बघत म्हणाले, "मला निरोप नको. दीड वर्ष एका घरात राहतोय आपण. माझ्यासमोर बसून सांग. मी काही खात नाही."

"म्हणतो."

"आणि खिडकी मी मोठी करणारच आहे. गवंड्याला सांगून झालंय."

गाडी चढाला लागली. मिस्त्री ती दिसेनाशी होईपर्यंत उभा होता. दुसऱ्या गियरचा आवाज वळणावळणाने वर जाताना ऐकत होता, त्यात काही वावगं सापडतंय का ते शोधत. सापडलं नाही. तरी घरी जाऊन रात्री साडेआठपर्यंत तो अंगणात फेऱ्या घालत होता. 'पोचलो' एवढाच निरोप व्याह्यांकडून आला तेव्हा कुठे जेवला.

चिंगी त्याच्यावर आठ दिवस रुसली होती. "सूतोवाच म्हटलं होतं मी, भोंगा वाजवायला नाही!" पण दुसऱ्या दिवशी ती सासऱ्यांसमोर बसली आणि सगळं बोलली. त्यांनी काय उत्तर दिलं ते तिने आईला सांगितलं, बापाला सांगितलं नाही. दोन महिन्यांनी सामान गेलं ते व्याह्यांच्याच पिकअपमधून गेलं. व्याह्यांनी एकेक खोका स्वतः बांधला, दोर स्वतः आवळले, आणि परत आल्यावर तीन आठवडे कुणाकडे फिरकले नाहीत.

मग मिस्त्रीनेच सुरुवात केली. रविवारी स्कूटर काढायचा, व्याह्यांच्या दारात उभा राहायचा. "म्हटलं, टॅपेट बघावेत." टॅपेटला एवढ्यात काही होत नसतं हे दोघांनाही ठाऊक होतं. व्याही म्हणायचे, "गाडी गरम आहे, मिस्त्री. आत्ताच आलोय." "मग थांबतो," मिस्त्री म्हणायचा, आणि घरभर हिंडायचा. तीन महिन्यांत त्या घराचा एक नळ गळका राहिला नाही, एक कडी सैल राहिली नाही. मागच्या खोलीला व्याह्यांनी पांढरा रंग लावून घेतला होता. मोठ्या खिडकीपाशी खुर्ची होती आणि तिच्यावर वर्तमानपत्रांची चळत. तिथे आता ते स्वतःच वाचत बसायचे.

पुढल्या वर्षी चिंगीला मुलगी झाली. तार नाही, निरोप नाही, तिने पहाटे स्वतः फोन केला, तोही आधी सासऱ्यांना आणि मग बापाला. मिस्त्रीला ते जरा लागलं, बायको म्हणाली, "शहाणी झाली." तिसऱ्या दिवशी व्याह्यांनी पिकअप दारात आणून उभी केली. मिस्त्रीची बायको आधीच बसने गेली होती, म्हणून पुढे हे दोघंच. सात तासांचा रस्ता.

पहिल्या तासात मिस्त्रीने काच सहा वेळा वरखाली केली. आरसा हलवला, तो व्याह्यांनी परत नीट केला. समोरचा खण उघडून त्यातले कागद लावले. इंजिनाचा आवाज ऐकला, टायरचा ऐकला, पुढे चाललेल्या ट्रकचाही ऐकून त्याचं काय बिघडलंय ते सांगितलं. दुसऱ्या तासात त्याचे गुडघे इतके हलायला लागले की गियरची दांडी थरथरतेय की काय असं वाटावं.

व्याह्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"काय झालं?" मिस्त्रीने दचकून विचारलं. "काही वाजलं का?"

"काही नाही. उतरा, त्या दगडापर्यंत दोन फेऱ्या मारून या. मी आहे इथे."

मिस्त्री उतरला. उन्हात भराभरा दगडापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. दुसऱ्या खेपेला त्याने मागे वळून बघितलं तर व्याहीही उतरले होते आणि गाडीला टेकून, चिंगीने धाडलेला बाळाचा फोटो फोनवर मोठा करून बघत होते.

"नाक कुणावर गेलंय सांगा," त्यांनी लांबूनच ओरडून विचारलं.

"बघू!" म्हणत मिस्त्री पळतच आला.